नदीकडचा सांधा

"बाई, तुम्ही वरच थांबा. मी बघून येतो," परकारचाचा म्हणाले.

मी ऐकलं नाही. लोखंडी जिन्याचा कठडा धरून त्यांच्या मागोमाग उतरू लागले.

ऑगस्टचा तिसरा आठवडा होता. सकाळचे अकरा वाजून गेले असतील. आम्ही खारेपेठ नगरपालिकेच्या जॅकवेलमध्ये उतरत होतो. जॅकवेल म्हणजे नदीच्या काठाला लागून बांधलेली काँक्रीटची गोल विहीर, पण आमची विहीर आतून कोरडी होती. पाणी बाहेर नदीत, आणि चाळीस फूट खाली कोरड्या तळावर दोन पंप बसवलेले. भिंतीतून एक जाड नळ आत यायचा, त्यातून पंप नदीचं पाणी ओढायचे आणि गावाला चढवायचे. त्या दिवशी नदी इतकी फुगली होती, की आम्ही तळाला पोचलो तेव्हा भिंतीपलीकडचं पाणी आमच्या डोक्यावर पुरतं तीस फूट होतं.

मी पालिकेची कनिष्ठ अभियंता होते. वय सव्वीस, नोकरीला दोन वर्षं झालेली. दाऊद परकार हे पालिकेचे फिटर. तरुणपणी पंधरा वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत काढून गावी परतलेले आणि मग पालिकेत लागलेले. निवृत्तीला नऊ महिने उरले होते. सगळं गाव त्यांना परकारचाचा म्हणायचं, मीही म्हणायचे.

पंप चालवणाऱ्या सुर्व्यांनी सकाळी निरोप पाठवला होता, की नदीकडच्या सांध्यातून पाणी उडतंय आणि आपण पंप बंद केलेत. नदीकडचा सांधा म्हणजे भिंतीतून आलेला नळ जिथे व्हॉल्व्हला जोडला होता ती जागा. नळाच्या तोंडाला ताटाएवढी, जाड लोखंडी चकती, तशीच चकती व्हॉल्व्हच्या तोंडाला. तिला फ्लँज म्हणतात. दोन फ्लँजच्या मध्ये रबराचं कडं, आणि कडेनं बारा बोल्ट आरपार. बोल्ट आवळले की रबर दाबलं जातं आणि पाणी बाहेर येत नाही. बाकी कुठेही गळती झाली तर व्हॉल्व्ह बंद करता येतो. हा सांधा मात्र व्हॉल्व्हच्या आधी, नदीच्या बाजूला होता. त्याच्या पाठीशी रात्रंदिवस थेट नदी असायची.

सांध्याच्या डाव्या अंगाला सुताएवढी धार भिंतीवर उडत होती. चाचांनी पिशवीतून लहान हातोडी काढली आणि एकेका नटावर हलकेच मारून पाहिली. उजवीकडचे तीन-चार नट टणक वाजले. डावीकडचे बद्द. मग त्यांनी दोन फ्लँजच्या फटीत अंगठ्याचं नख घालून बघितलं. उजवीकडे नख शिरलं नाही. डावीकडे काडेपेटीची काडी सहज गेली असती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीवरच्या पाण्याकडे पाहत राहिले.

"आत्ता याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "नदी उतरू दे. तोवर बाहेरून रबर गुंडाळून पट्टा आवळू." मग मान वर करून त्यांनी हाक दिली, "सुर्वे, स्टोअरमधनं रबर आण आणि मोठा पट्टा आण. येताना दोन माणसं घेऊन ये."

वरून सुर्व्यांचा "आलो" ऐकू आला, मग सायकलचा खडखडाट. स्टोअर गावात, दीड मैलावर. वर आता कोणी नव्हतं.

चाचा सांध्याची खालची बाजू बघायला नळ ओलांडून पलीकडे गेले आणि वाकले. तेवढ्यात जाडं कापड टरकन फाटावं तसा आवाज झाला. डावीकडचं रबर फटीतून बाहेर सरकलं आणि तिथून पाण्याचा पत्रा सुटला. तो चाचांच्या छातीवर बसला. ते मागे पडले, आणि पडता पडता त्यांचा उजवा पाय व्हॉल्व्ह आणि त्याखालचा काँक्रीटचा ठोकळा यांच्या मधल्या फटीत गेला. हाड मोडल्याचा आवाज मी त्या पाण्यातही ऐकला.

मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. त्यांनी ओठ दाबून माझा हात दूर केला. बूट कापायला चाकू नव्हता. पाय घोट्यातून वाकडा होऊन आत अडकला होता. पहार असती तर काही करता आलं असतं, पण पहार वर होती आणि तिच्यानं व्हॉल्व्ह उचलायला दोन-तीन माणसं लागायची.

कोपऱ्यात तळाचं पाणी उपसणारा छोटा पंप होता. मी त्याचं बटण दाबलं. तो थोडा वेळ चालला आणि भिजून बंद पडला. त्याच्याबरोबर दिवाही गेला. आता उजेड फक्त वरच्या गोल तोंडातून येत होता. पाणी माझ्या घोट्यावरून पोटरीपर्यंत चढलं. चाचा खाली बसलेले, त्यांच्या कमरेला लागलं.

"वर जा," ते म्हणाले.

"माणसं घेऊन येते."

"हां. जा."

मी जिना चढू लागले. निम्म्यावर पोचल्यावर खाली पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. दोन्ही हात मागे टेकून सांध्याकडे बघत होते, एखादा माणूस दारात उभ्या पाहुण्याकडे बघतो तसे. सडकेपर्यंत पळत जायला दहा मिनिटं, कोणी भेटलं तर परत यायला दहा. पाणी मिनिटाला दोन बोटं चढत होतं. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि उत्तर आलं तरी तिथेच उभी राहिले. वर मोकळं आकाश होतं. आणखी पंधरा-वीस पायऱ्या, आणि माझा जीव वाचणार होता.

मी खाली आले. धैर्य होतं म्हणून आले नाही. का आले, ते त्यांना तेव्हा लगेच सांगितलंही नाही.

"पाना कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी पाण्यात चाचपून पिशवी वर काढली. मी पाना घेतला आणि थेट डावीकडे, जिथून पाणी फुटत होतं तिथल्या नटाला लावला.

"तिथे नाही," ते म्हणाले.

"इथूनच तर येतंय."

"बाई, ऐका. घड्याळ समजा. बारा बोल्ट, बारा आकडे. वर बारा, खाली सहा. पाणी कुठे आहे?"

"आठ, नऊ."

"मग तीनचा बोल्ट सैल करा."

तीनचा बोल्ट पार कोरडा होता. त्या अख्ख्या सांध्यात तेवढी एकच बाजू नदीला अडवून उभी होती.

"सैल करू?"

"तीनकडे गच्च दाबलंय म्हणून नऊकडे तोंड उघडलंय. नऊ कितीही आवळलात तरी मिटायचं नाही. आधी तीनला सोडा, म्हणजे चकती सरळ होईल."

"आणि सगळंच उघडलं तर?"

"तर उघडेल." त्यांनी दम घेतला. "पाव फेरा. जास्त नाही."

पाना तीनला लावून मी अंगाचं सगळं बळ घातलं. नट हलला नाही. मी पुन्हा ओढलं. पाण्याचे फटकारे तोंडावर बसत होते, डोळे उघडे ठेवता येत नव्हते.

"पाइप घालून आवळलाय," चाचा म्हणाले. पान्याच्या दांड्यात लांब पाइप अडकवला, की आडदांड माणूस नटाला वाटेल तेवढा पिळू शकतो. चाचा तसं कधी करत नसत. "माझ्या पिशवीत पाइप नसतो, बाई."

"चाचा, हा सांधा—"

"आधी तीन."

मी ठोकळ्यावर चढले, भिंतीचा आधार घेतला आणि पान्याच्या दांड्यावर पाय देऊन उभी राहिले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कट् असा आवाज झाला आणि मी घसरून पाण्यात पडले. पाव फेरा झाला होता. धार क्षणभर रुंद झाली, आणि मला वाटलं संपलं.

"आता नऊ. अर्धा फेरा."

नऊचा नट लोण्यासारखा फिरला.

"बारा. पाव."

"झाला."

"सहा. पाव. दिसत नसेल तर हातानं शोधा."

सहाचा नट पाण्याखाली गेला होता. मी गुडघ्यावर बसले, हनुवटीपर्यंत पाण्यात जाऊन बोटांनी नट शोधला. पाना त्यावरून दोनदा निसटला.

"दमानं," ते म्हणाले. "घाई केलीत तर परत पहिल्यापासून."

त्यांच्या आवाजात घाई नव्हती. पाणी त्यांच्या छातीच्या वर आलं होतं. मी दोनचा बोल्ट सैल केला, आठचा आवळला, चारचा सैल केला, दहाचा आवळला. ते आकडा सांगत, मी समोरासमोरचे बोल्ट घेत होते. एक इकडे, एक तिकडे. कॉलेजात हे मला वहीत शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर मला पूर्ण गुण मिळाले होते.

एकचा नट धरला असताना मला पुढे काही करता येईना.

"मे महिन्यात तुम्ही मिरजेला होतात," मी म्हटलं. "सांधा कंत्राटदाराच्या माणसांनी केला. नळ आणि व्हॉल्व्ह एका रेषेत नव्हते. त्यांनी पाइप घालून उजवी बाजू ओढून घेतली. मी इथेच उभी होते, चाचा. समोरासमोरचे आवळा असं एकदा म्हटलं. ते हसले. म्हणाले, बाई, हे पाणी आहे, बॉयलर नव्हे. मी गप्प बसले."

त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं.

"दुसऱ्या दिवशी पाणी सोडायचा कार्यक्रम होता. मुंबईहून पाहुणे येणार होते."

"आणि मस्टरवर?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही हजर आहात. तिन्ही दिवस. मीच लिहिलंय."

पाणी त्यांच्या गळ्याला लागलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सांध्याकडे.

"एकचा झाला का?"

"नाही."

"मग करा. त्याच्यानंतर सात."

एक झाला, सात झाला. मग पाच, अकरा. सगळे बारा झाल्यावर ते म्हणाले, "परत तीनपासून. आता सगळे थोडे थोडे आवळायचे." दुसऱ्या फेरीला पाण्याचा पत्रा फाटला आणि त्याच्या दोन-तीन धारा झाल्या. तिसऱ्या फेरीला तोंडावर येणारं पाणी थांबलं. बाहेर सरकलेलं रबर पुन्हा चिमटीत सापडलं होतं. गळती पूर्ण थांबली नाही, फ्लँजच्या कडेनं पाणी झिरपत राहिलं, पण वर चढायचं जवळजवळ थांबलं. ते चाचांच्या हनुवटीखाली होतं.

मी त्यांच्या मागे बसून त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर धरलं. सुर्व्यांना यायला आणखी पाऊण तास लागला. सडकेवरच्या मोरीवर पाणी आलं होतं म्हणून त्यांना लांबून यावं लागलं. त्या पाऊण तासात आम्ही दोघं फारसं बोललो नाही. एकदा फक्त ते म्हणाले, "हात बसलाय तुमचा पान्यावर." मी रडत होते, ते त्यांना कळलं असेल. मग माणसं आली, पहार आली. तिघांनी मिळून ठोकळ्यावरून व्हॉल्व्ह जरासा उचलला आणि चाचांना बाहेर काढलं.

आता मे महिन्याबद्दल सांगायला हवं. चाचांच्या बायकोच्या, रुकय्याचाचींच्या, डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं. तारीख आधीपासून घेतलेली. मध्येच पाणी सोडायचा कार्यक्रम ठरला आणि मुख्याधिकारी बागवेसाहेबांनी सगळ्यांच्या रजा रद्द केल्या. चाचा माझ्याकडे आले. त्यांनी मागणी अशी केलीच नाही, नुसते दारात उभे राहिले. मी म्हटलं, "तुम्ही जा. कागद नको, तुमची हजेरी मी लावते." माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. आपण एका भल्या माणसाचं भलं करतोय, एवढंच वाटलं होतं.

त्या तीन हजेऱ्यांचा फास आता दोन्ही बाजूंनी आवळला गेला.

चौकशी लागल्यावर बागवेसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. मस्टर त्यांच्या टेबलावर उघडं होतं.

"खानविलकर बाई, अवघड काही नाही," ते म्हणाले. "परकार त्या दिवशी हजर. सांधा करणं फिटरचं काम. म्हणजे सांधा परकारचा. त्याच्यावर ठपका ठेवू, एखादी वेतनवाढ थांबवू. नऊ महिन्यांनी तो घरी जाईल, विषय संपेल."

"साहेब, ते हजर नव्हते. ते मिरजेला होते. मी—"

त्यांनी हात वर केला. "थांबा. हे मी ऐकलेलं नाही. तुम्ही पुन्हा म्हणालात तर मला ऐकावं लागेल. मग तो रजा रद्द असताना तीन दिवस गैरहजर, आणि वर खोटी हजेरी. त्याला बडतर्फ करावं लागेल. निवृत्तिवेतन जाईल. तुमची नोकरीही धोक्यात येईल. कोणाचं भलं होणार आहे त्यात?"

मी बाहेर आले. खरं बोलले तर त्यांची नोकरी जाते. गप्प बसले तर जो सांधा त्यांच्या गळ्यापर्यंत पाणी घेऊन आला, तो त्यांच्याच नावावर चढतो. दोन रात्री मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी मला वाट सापडली, निदान मला तसं वाटलं. मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले.

चाचा खाटेवर होते. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, पाय उशीवर. रुकय्याचाची जाड काचांचा नवा चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या.

"मी असं लिहिते," मी सांगितलं. "परकार हजर होते. हा सांधा असा करू नका असं त्यांनी बजावलं. मी त्यांचं ऐकलं नाही आणि कंत्राटदाराच्या माणसांकडून करून घेतला. दोष सगळा माझ्यावर येईल. तुम्हाला कोणी हात लावणार नाही."

चाचा कोपरावर रेलून जरासे उठले.

"म्हणजे मी तिथे उभा होतो?"

"फक्त कागदावर."

"माझ्या डोळ्यांसमोर तीनचा बोल्ट पाइप घालून पिळला आणि मी बघत राहिलो?"

"तुम्ही विरोध केलात असं लिहीन ना, चाचा."

"विरोध केला आणि मग घरी जाऊन जेवलो?"

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

"बाई, बोटीवर वाफेच्या नळाखाली माणसं झोपायची," ते म्हणाले. "जागाच नसायची दुसरी. सांधा फुटला तर माणूस शिजून निघणार. झोपायच्या आधी नवी पोरं एकच विचारायची, हा कोणी केलाय. परकारनं केलाय असं कळलं की कूस बदलून झोपायची. त्यातल्या कोणी हे तुमचं वाचावं असं मला वाटत नाही."

"कोण वाचणार आहे ते?"

"मी वाचेन ना."

रुकय्याचाची खाटेकडे सरकल्या. त्या हळूच म्हणाल्या, "नऊ महिनेच राहिलेत."

"माहीत आहे."

"नंतर घर कसं चालायचं?"

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. पलीकडच्या खाटेवर कोणीतरी खोकत होतं. चाचींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"हे माझ्या डोळ्यांपायी गेले होते," त्या म्हणाल्या. "तेच लिहा. नव्हते म्हणून लिहा."

"चाची, नोकरी जाईल."

"हे मला दिवसभर तोंड फिरवून बसलेले बघायला लागतील, त्यापेक्षा जाऊ दे."

चाचा हसले. त्या सगळ्या दिवसांत ते पहिल्यांदाच हसले.

मी तरीही दोन दिवस घोळत होते. खरं सांगायचं तर मला माझीही भीती होती. मोठ्या खटपटीनं मिळालेली नोकरी होती, खारेपेठेत बाई इंजिनिअर म्हणून लोक मला बघायला यायचे, आणि घरी वडील माझ्या पगाराकडे नव्हे, पण माझ्या पदाकडे डोळे लावून होते. चाचांना वाचवायचं म्हणून मी जो कागद तयार केला होता, त्यात मी शूर दिसत होते. हेही तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. तो अर्ध्या पानाचा झाला.

चौकशीत चाचा कुबड्या घेऊन आले. बागवेसाहेबांनी विचारलं, "त्या दिवशी हजर होतात?"

"नव्हतो."

"रजा मंजूर होती?"

"नव्हती."

"मग सांधा कोणी केला?"

"मला ठाऊक नाही साहेब. मी नव्हतो."

मग माझी पाळी आली. मी कागद वाचला. हजेरी मी लावली, सांधा माझ्यासमोर झाला, चुकीचा होतोय हे मला दिसत होतं, मी थांबवलं नाही. बागवेसाहेब लिहीत राहिले. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाले, "मी तुम्हाला वाट काढून दिली होती."

निकाल डिसेंबरात आला. माझ्या तीन वेतनवाढी रोखल्या आणि बदली झाली. चाचांना सेवेतून काढून टाकलं. चूक माझी जास्त होती आणि शिक्षा त्यांना जास्त झाली. नियमांच्या पुस्तकात ते तसंच बसत होतं. पुढे मी चार वर्षं अर्ज करत राहिले, दोनदा स्वतः पुण्याला गेले. शेवटी त्यांना निम्मं निवृत्तिवेतन मंजूर झालं. तोपर्यंत ते खाडीवरच्या मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करत होते आणि त्यात त्यांचं बरं चाललं होतं. पाय मात्र कायमचा अधू झाला. मी पाणीपुरवठा खात्यातूनच निवृत्त झाले. माझ्या हाताखाली किती सांधे झाले त्याची मोजदाद नाही. त्यांतले बरेच मी स्वतः हात लावून बघितले, म्हणून लोक मला किरकिरी म्हणायचे.

पण मला राहून राहून आठवतो तो डिसेंबरातला दिवस. सेवेतून काढल्याचा हुकूम विभागप्रमुखानं स्वतः नेऊन द्यायचा आणि पोच घ्यायची असा नियम होता. माझी बदली अजून लागू व्हायची होती. पालिकेत दुसरा अभियंता नव्हता, पाणी विभागाची प्रमुख मीच होते.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. चाचा ओट्यावर खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले आणि लिफाफा पुढे केला. त्यांनी तो उघडला, कागद लांब धरून वाचला, मग जवळ घेऊन परत वाचला. बोट ओळीवरून हळूहळू सरकत होतं.

"गैरहजर लिहिलंय," ते म्हणाले.

"हो."

"परवानगीशिवाय."

"हो, चाचा."

"बरोबर आहे." त्यांनी पान उलटून मागची कोरी बाजू बघितली, परत सरळ केलं. "सांध्याचं काही लिहिलेलं नाही ना कुठे?"

"नाही."

"कुठेच नाही?"

"मी दोनदा वाचलाय. कुठेच नाही."

त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"द्या पेन," ते म्हणाले. "सही कुठे करायची?"